साथीच्या निर्बंधांत परदेशी सहल : बेळगाव, निपाणी, खानापूरहून निघणाऱ्यांसाठी

साथीच्या काळात परदेशी जायचं असेल तर बेत परतीच्या टोकाकडून आखायला घ्या. जाताना अडलात तर पैसे बुडतात. येताना अडलात तर पैसे, रजा, व्हिसाची मुदत आणि बरोबर नेलेल्या गोळ्या हे सगळं एकाच वेळी संपत येतं. सीमाभागातल्या माणसाला त्यात आणखी एक नाका लागतो. मुंबईला निघालं की कोगनोळीला राज्य बदलतं, गोव्याला निघालं की घाटात. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यांकडे ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह आरटी-पीसीआर अहवाल मागितला जायचा आणि तो नसेल तर कोगनोळीवरून गाडी परत फिरवली जायची. परदेशाचे सगळे नियम पाळून मुंबईत उतरलेला माणूसही घरापासून दोन तासांवर अडकू शकत होता.

कोरोनाचे ते नियम आता उठले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पण साथ कोणतीही आली तरी सरकारं हात घालतात त्या जागा ठरलेल्या असतात: लस, चाचणी, विलगीकरण आणि मधल्या विमानतळावरचा थांबा. म्हणून इथे उदाहरणं २०२० ते २०२२ मधली घेतली आहेत, पण पायऱ्या पुढेही लागू पडतील.

देश कसा निवडायचा

कुठे जायला आवडेल हे थोडं बाजूला ठेवून आधी चार गोष्टी लिहून काढा. पासपोर्ट भारतीय, गेल्या १४ दिवसांत कुठे राहिलो, लस कुठली आणि शेवटचा डोस कधीचा, विमान कुठे बदलणार. प्रत्येक देशाचा नियम या चार उत्तरांवर ठरतो. ‘पर्यटक घेतात’ एवढं ऐकून तिकीट काढू नका. जर्मनीत चालणारी लस विमान बदलायच्या (ट्रान्झिटच्या) देशात चालत नाही, असंही होऊ शकतं. कोव्हिशील्डला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळाली, कोव्हॅक्सिनला ३ नोव्हेंबर २०२१ रोजी. मधले आठ-नऊ महिने एकाच घरातल्या नवरा-बायकोला दोन वेगळ्या लसींमुळे दोन वेगळे नियम लागू होत होते.

नियम तीन ठिकाणी पडताळा: त्या देशाच्या दूतावासाची वेबसाइट, तिथल्या आरोग्य खात्याचं पान आणि तुमची विमान कंपनी. तिसरं सर्वांत महत्त्वाचं, कारण तुम्हाला विमानात चढू द्यायचं की नाही हे चेक-इन काउंटरवर ठरतं. काउंटरवरचा माणूस आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या टिमॅटिक या प्रवेशनियमांच्या यादीत बघून निर्णय घेतो. चुकीच्या प्रवाशाला नेलं तर दंड कंपनीला बसतो, म्हणून तिथे शंकेचा फायदा मिळत नाही. दूतावासाचं लेखी उत्तर, नियमाच्या पानाची तारखेसह प्रिंट, हे जवळ असेल तर वरिष्ठांना बोलावून बोलता येतं.

नियम किती लवकर फिरतात याचा अंदाज हवा. ब्रिटनने १९ एप्रिल २०२१ रोजी भारत लाल यादीत (तिथून येणाऱ्या बहुतेकांना प्रवेशबंदी) टाकल्याचं सांगितलं आणि २३ तारखेच्या पहाटेपासून ते लागू झालं. यूएईने २२ तारखेला सांगितलं आणि २४ च्या मध्यरात्री दार बंद. आपल्याकडेही २६ नोव्हेंबर २०२१ रोजी, १५ डिसेंबरपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं सुरू होणार असं जाहीर झालं आणि ओमायक्रॉनमुळे १ डिसेंबरला ते मागे घेतलं गेलं. ती विमानं शेवटी २७ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. तोवर ठरावीक देशांशी केलेल्या एअर बबल करारातली विमानंच उडत होती.

यातून निवडीचे निकष निघतात. देश एकच घ्या. दोन देशांची सहल म्हणजे नियमांचे दोन संच, आणि दुसऱ्या देशात शिरताना तुम्ही ‘पहिल्या देशातून आलेले’ असता. थेट विमान मिळत असेल तर चार-पाच हजार जास्त देऊन घ्या. भारताशी रोज विमानसेवा असलेला देश निवडा, म्हणजे एक फ्लाइट रद्द झाली तर दुसऱ्या दिवशीची मिळते. मालदीवला त्या काळात भारतीयांची गर्दी झाली ती याचमुळे: जुलै २०२० पासून पर्यटक घेत होते, व्हिसा पोचल्यावर फुकट मिळत होता, आणि एका बेटावर एकच हॉटेल असल्यामुळे तिथे फिरण्यावर फारशी बंधनं नव्हती.

कुठल्या विमानतळावरून

बेळगावच्या विमानतळावरून, म्हणजे सांबऱ्याहून, देशांतर्गत विमानंच सुटतात, तेव्हा खरी निवड मुंबई, बेंगळूर आणि गोवा यांतली. सवयीने आपण मुंबईकडे वळतो. नातेवाईक तिथे, भाषा आपली, विमानंही सर्वांत जास्त. तरीही निर्बंधांच्या काळात आमची पहिली शिफारस बेंगळूर आहे. राज्याची हद्द ओलांडावी लागत नाही, जाताना नाही आणि येतानाही नाही. राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीत बेंगळूरला पोचवते. तिथून विमानतळ शहराच्या उत्तरेला देवनहळ्ळीकडे, ३५-४० किलोमीटरवर आहे, आणि गर्दीच्या वेळी या टप्प्याला दोन तास धरावे लागतात.

मुंबई घ्यायची असेल तर येतानाचा कर्नाटक प्रवेशाचा नियम आधी वाचा आणि लागणारा कागद परदेशातून निघण्यापूर्वीच तयार ठेवा. परदेशात केलेली चाचणी राज्याच्या नाक्यावर चालते का, की मुंबईत उतरून नवी करावी लागते, हा प्रश्न निघण्याआधी जिल्हा प्रशासनाच्या हेल्पलाइनला विचारून घ्या. गोवा अंतराने सर्वांत जवळचं. चोर्ला घाटाने तीन-साडेतीन तासांत पणजी येते. पण तिथून परदेशी जाणारी विमानं मोजकी, आणि पावसाळ्यात घाटात दरड किंवा धुकं असेल तर वेळेचा भरवसा राहत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये गोव्याहून उडायचं असेल तर आदल्या दिवशीच खाली उतरा.

सांबरा ते मुंबई किंवा बेंगळूर विमानाने जाणार असाल तर दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर निघतात का ते बघा. वेगळी काढली आणि पहिलं विमान रद्द झालं, तर दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी नसते. सामानाचंही तसंच. देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो चालतात, परदेशी तिकिटावर २३ किंवा ३०. वेगळ्या तिकिटांत सांबऱ्याला १५ चाच नियम लागतो आणि वरच्या प्रत्येक किलोचे पैसे तिथल्या तिथे भरावे लागतात.

सुट्ट्यांचं गणितही इथेच सोडवा. बेळगावच्या मराठी शाळा कर्नाटकाच्या वेळापत्रकाने चालतात, म्हणून त्या मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात. कोल्हापूर-गडहिंग्लजकडच्या शाळा जूनच्या मध्याला. बरोबर पलीकडचे पाहुणे असतील तर सामाईक सुट्टी मेच्या पहिल्या तीन आठवड्यांतच सापडते. त्यात परतल्यावरचे विलगीकरणाचे सात दिवस बसले पाहिजेत. दहा दिवसांच्या सहलीला रजा १८-२० दिवसांची लागते, हे मान्य नसेल तर त्या वर्षी बेत पुढे ढकललेला बरा.

कागदपत्रं : नाव सगळीकडे एकच हवं

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा हवा. नवा काढायचा तर ३६ पानांच्या दहा वर्षांच्या पासपोर्टला १,५०० रुपये, तात्काळ असेल तर वर २,००० रुपये. साथीत केंद्रं अधूनमधून बंद राहतात, अपॉइंटमेंट रद्द होतात, म्हणून हे काम सहलीच्या चार महिने आधी संपवा.

सीमाभागात सर्वांत जास्त घोळ नावाचा होतो. कर्नाटकातल्या कागदांवर वडिलांचं नाव कधी फक्त आद्याक्षराने येतं, कधी आडनाव आधी येतं. शाळेच्या दाखल्यावर कन्नडमधून रोमन लिपीत गेलेलं स्पेलिंग वेगळं असतं. लग्न होऊन गडहिंग्लज-आजऱ्याहून इकडे आलेल्या बायकांचं आधार माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने, हे तर घरोघरी. लसीच्या प्रमाणपत्रावर नाव यायचं ते लस घेताना दाखवलेल्या ओळखपत्रावरून, बहुधा आधारवरून. कोविन पोर्टलवर पासपोर्ट क्रमांक जोडायची सोय जून २०२१ मध्ये आली, पण तो एकदाच जोडता येत असे, आणि नावातली दुरुस्तीही एकदाच. घाईत चुकीचा क्रमांक टाकला की मोठी यातायात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पासपोर्ट, मग आधार पासपोर्टप्रमाणे दुरुस्त, मग लस किंवा चाचणी. लस झालेलीच असेल तर प्रमाणपत्राची दुरुस्ती पासपोर्ट समोर ठेवून, अक्षर न् अक्षर ताडून करा.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल आणि सगळं नाव एकाच ओळीत असेल, तर तेही आधीच सुधारून घ्या. यूएईने नोव्हेंबर २०२२ पासून एकाच नावाच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसाला अडवायला सुरुवात केली. जुन्या पासपोर्टवर जन्मस्थळ ‘बेलगाम’ आणि नव्या कागदांवर ‘बेळगावी’ असेल तर घाबरू नका. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं आहे. व्हिसाच्या फॉर्मवर मात्र पासपोर्टवर आहे तेच लिहा.

व्हिसाचा अर्ज कुठे करायचा हाही आपल्याकडचा प्रश्न. काही देश राहत्या पत्त्याप्रमाणे दूतावासाचा विभाग ठरवतात. पत्ता बेळगाव जिल्ह्यातला म्हणजे कर्नाटक, म्हणजे बेंगळूर. पुण्याला किंवा मुंबईला अपॉइंटमेंट घेऊन गेलात तर अर्ज परत येऊ शकतो.

शेतकऱ्यांनी एक गोष्ट आधी करून ठेवावी. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे पुष्कळांकडे आयकर विवरणपत्र नसतं आणि व्हिसा अधिकाऱ्याला उत्पन्न दिसत नाही. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, जमिनीचा उतारा, कारखान्याची उसाची बिलं एकत्र लावा. उतारा कन्नडमध्ये असतो. त्याचं, आणि कन्नडमधल्या जन्म किंवा विवाह दाखल्याचं, इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या. उसाचं बिल खात्यावर जमा झाल्यानंतर अर्ज केला तर शिल्लकही बरी दिसते. खात्यात अचानक टाकलेली उसनी रक्कम मात्र अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येते, ते करू नका.

मुलांचे नियम वेगळे वाचा. बऱ्याच देशांनी १२ वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांबरोबर सूट दिली होती. भारतात १५ ते १८ वयाची लस ३ जानेवारी २०२२ पासून आणि १२ ते १४ ची १६ मार्च २०२२ पासून सुरू झाली. तोवर तेरा वर्षांचं मूल असलेल्या घराला आईवडिलांची लस पूर्ण असूनही अडचण होती. बेत ठरवताना घरातल्या सगळ्यांत अवघड नियम ज्याला लागतो त्याच्यापासून सुरुवात करा.

तिकीट आणि हॉटेल

तिकीट बेळगावातल्या एजंटाकडून काढायला हरकत नाही. अडचणीत ओळखीचा माणूस उपयोगी पडतो. पण पीएनआरमध्ये मोबाइल आणि ईमेल तुमचाच असावा असा आग्रह धरा. एजंटाचा नंबर असेल तर फ्लाइट रद्द झाल्याचा मेसेज त्याला जातो आणि तुम्ही रात्री दीड वाजता विमानतळावर उभे राहता. परतावाही एजंटाच्या खात्यातून येतो, म्हणून पावतीवर एजंटाचं शुल्क किती आणि विमान कंपनीचं रद्द शुल्क किती, हे वेगवेगळं लिहून घ्या.

‘तारीख बदल मोफत’ आणि ‘पैसे परत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत भाड्याचा फरक भरावा लागतो, आणि गर्दीच्या दिवसांत तो मूळ तिकिटाएवढाही होतो. २०२० च्या टाळेबंदीत रद्द झालेल्या तिकिटांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला, तेव्हा तातडीने परतावा देऊ न शकणाऱ्या कंपन्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल असं क्रेडिट शेल (पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडे जमा राहणारी रक्कम) द्यायची मुभा मिळाली. म्हणजे पैसे हक्काचे असले तरी हातात यायला महिने जाऊ शकतात. सहलीसाठी कर्ज किंवा भिशी उचलणाऱ्यांनी हे धरूनच हिशेब करावा. हॉटेल ‘पोचण्याच्या दोन दिवस आधीपर्यंत रद्द मोफत’ या अटीवरच घ्या.

चाचणीचं घड्याळ

सर्वांत जास्त माणसं इथे चुकतात. ७२ तास हे अहवाल मिळाल्यापासून मोजत नाहीत, नमुना दिल्याच्या वेळेपासून मोजतात. कुठपर्यंत मोजायचे हे देशागणिक बदलतं: काही ठिकाणी पहिल्या विमानाच्या सुटण्यापर्यंत, काही ठिकाणी शेवटच्या विमानतळावर पोचेपर्यंत. हा एक शब्द नियमात शोधल्याशिवाय लॅबची वेळ घेऊ नका.

उदाहरण घेऊ. तिकिटावर शनिवार, पहाटे २:३०, मुंबई. पहिली चूक इथेच होते: हे विमान शुक्रवारी रात्री गाठायचं आहे. विमानतळावर चार तास आधी, म्हणजे शुक्रवारी रात्री १०:३० ला पोचायचं. बेळगाव-मुंबई रस्त्याने दहा-अकरा तास, नाका आणि जेवण धरून साडेबारा. म्हणजे शुक्रवारी सकाळी १० ला घर सोडायचं.

नियम ‘सुटण्यापूर्वी ७२ तास’ असेल तर बुधवारी पहाटे २:३० नंतरचा नमुना चालतो. बुधवारी सकाळी ८ ला बेळगावात द्या. अहवाल गुरुवारी सकाळपर्यंत आला की त्यातली चूक दुरुस्त करायला पूर्ण दिवस हातात राहतो.

नियम ‘सुटण्यापूर्वी ४८ तास’ असेल तर गुरुवारी पहाटे २:३० नंतर. गुरुवारी सकाळी ८ ला नमुना दिला तर निघेपर्यंत २६ तास उरतात. लॅब २४ तास म्हणत असेल तर हे कागदावर जमतं. लाट असताना जमत नाही, कारण लॅबमध्ये नमुने साचतात. तेव्हा एक दिवस आधी मुंबईला जाऊन तिथे चाचणी करा.

नियम ‘पोचण्यापूर्वी ४८ तास’ असेल आणि आखाती देशात विमान बदलून युरोपला एकूण १४ तास लागणार असतील, तर मोजणी शनिवारी दुपारी ४:३० पासून मागे जाते. नमुना गुरुवारी दुपारी ४:३० नंतरचा लागतो. हे बेळगावातून करू नका.

यूएईने २०२१ मध्ये ४८ तासांच्या अहवालाबरोबरच विमानतळावरही रॅपिड पीसीआर सक्तीची केली होती, आधी सुटण्यापूर्वी चार तासांत आणि नंतर सहा तासांत. तशी अट असेल तर विमानतळावर सात तास आधी पोचा. तिथे पॉझिटिव्ह आलात तर विमान जातं, म्हणून त्या शहरात दहा दिवस राहता येईल अशी जागा आधीच बोलून ठेवा. वयस्कर नातेवाइकांचं घर त्यासाठी धरू नका.

अहवाल हातात येताच तपासा: पासपोर्टप्रमाणे नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, लॅबचा शिक्का, स्कॅन होणारा क्यूआर कोड. नमुन्याची वेळ छापलेली नसणं ही नेहमीची त्रुटी आहे, आणि वेळ नसेल तर काउंटरवर तास मोजता येत नाहीत. क्यूआर स्वतःच्या मोबाइलने स्कॅन करून बघा.

नुकतेच आजारातून उठलेल्यांनी आणखी जपावं. बरं झाल्यावरही आरटी-पीसीआर कित्येक आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण विषाणूचे निर्जीव तुकडे चाचणीत सापडतात. त्या देशात ‘बरे झाल्याचं प्रमाणपत्र’ चालतं का ते आधी बघा आणि मूळ पॉझिटिव्ह अहवाल जपून ठेवा.

निघण्याआधीचे दहा दिवस लग्न, वास्तुशांत, गावची लक्ष्मी यात्रा टाळा. नाही म्हणणं जड जातं, पण एका पंगतीपायी चार जणांचा प्रवास रद्द होतो.

विमा

शेंगेन देशांना (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. बाकी देशांसाठीही साथीत त्याहून कमी घेऊ नका. पॉलिसीत चार गोष्टी शोधा: या साथीच्या आजाराचा उपचार समाविष्ट आहे का, पॉझिटिव्ह आल्यामुळे वाढलेला हॉटेल मुक्काम आणि नवं तिकीट मिळतं का, निघण्याआधी पॉझिटिव्ह आल्यास रद्द खर्च मिळतो का, आधीपासूनचा मधुमेह, रक्तदाब नोंदवला आहे का. सरकारने प्रवासबंदी घातली म्हणून झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसी देत नाहीत, आणि हॉटेलातल्या सक्तीच्या विलगीकरणाचा खर्चही पुष्कळदा वगळलेला असतो. मुदत सहलीपेक्षा किमान १५ दिवस जास्त घ्या.

तिकडे गेल्यावर

रोजच्या गोळ्या सहलीचे दिवस अधिक २० दिवस एवढ्या न्या, हातातल्या बॅगेत. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ नावाने असावी. आपला ब्रँड तिकडे ओळखत नाहीत. कोडीन, ट्रॅमाडोल असलेली औषधं यूएईत नियंत्रित आहेत. खोकल्याचं औषध बॅगेत टाकण्याआधी बाटलीवरचं लेबल वाचा.

परतीच्या चाचणीची लॅब आणि तिचे दर पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. शेवटच्या दिवसात शनिवार-रविवार किंवा तिथला सण येतोय का ते पाहा. पॉझिटिव्ह आलात तर त्याच दिवशी तीन फोन: विमा कंपनीची मदतवाहिनी, विमान कंपनी, हॉटेल. विमा कंपनीला उशिरा कळवलं की दाव्यात अडचण येते. व्हिसाची मुदत संपत येत असेल तर वैद्यकीय कागद जोडून ती संपण्याआधीच वाढ मागा, आणि भारतीय दूतावासाला ईमेल करून ठेवा.

परत येताना

भारतात येणाऱ्यांना एअर सुविधा पोर्टलवर स्वयंघोषणापत्र भरावं लागायचं. पासपोर्टची प्रत, गेल्या १४ दिवसांतला प्रवास आणि चाचणी किंवा लसीचं प्रमाणपत्र त्यात जोडावं लागत असे. पाच वर्षांखालच्या मुलांना चाचणीतून सूट होती. असा फॉर्म परत आला तर तो हॉटेलच्या वायफायवर, निघण्याच्या आदल्या दिवशी भरा. विमानतळावर नेट चालत नाही आणि फाइल मोठी म्हणून चढत नाही. प्रमाणपत्रांच्या लहान आकाराच्या पीडीएफ आधीच करून ठेवा आणि प्रत्येकाची एक प्रिंट काढा.

११ जानेवारी २०२२ पासून सगळ्या परदेशी प्रवाशांना सात दिवस गृहविलगीकरण आणि आठव्या दिवशी आरटी-पीसीआर लागली. १४ फेब्रुवारीपासून ती अट काढून १४ दिवस स्वतःवर लक्ष ठेवायला सांगितलं गेलं. परदेशात असतानाच असा बदल होऊ शकतो, म्हणून निघायच्या दोन दिवस आधी केंद्राचा आणि कर्नाटकाचा नियम पुन्हा वाचा. गृहविलगीकरण असेल तर स्वतंत्र संडास-न्हाणीची खोली लागते. वाड्यातल्या किंवा एकत्र घरातल्या माणसांनी वरचा मजला किंवा शेतातलं घर आधीच मोकळं करून घ्यावं, आणि आशा कार्यकर्तीला व ग्रामपंचायतीला येण्याची तारीख अगोदर कळवावी. बोर्डिंग पास, लॅबच्या पावत्या, रद्द तिकिटांचे मेसेज विम्याचा दावा आणि परतावा मिटेपर्यंत एका फाइलीत ठेवा. बोर्डिंग पासवरची छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्याचा फोटो उतरल्या दिवशीच काढा.